खाऊचा डबा

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. पुण्याहून नातू सुट्टीला चंदगडला आला होता. वय वर्षे दहा. आल्या आल्या त्याच्या आजीने त्याला न्हाणीघरात नेले आणि दह्यात डाळीचे पीठ कालवून त्याची मान घासायला घेतली. मानेभोवती काळसर, मखमलीसारखा जाड पट्टा दिसत होता. ‘पुण्याची धूळ, दुसरं काय! आईबापाला बघायला वेळ कुठाय,’ असे पुटपुटत तिने चार दिवस हा उद्योग चालवला. पोराची मान लालभडक झाली. पट्टा मात्र होता तसाच राहिला.

पाचव्या दिवशी आम्ही त्याला घेऊन बेळगाव गाठले. आम्हा चंदगडकरांचा दवाखाना, लग्नाचा बस्ता, सोनेनाणे सगळे बेळगावला. 1956 पर्यंत हा तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता. पुढे जिल्हा बदलला, राज्य बदलले, पण आमच्या पायाखालची वाट काही बदलली नाही. मुलांच्या डॉक्टरांनी मानेकडे एकदाच पाहिले आणि म्हणाले, ‘आजी, आता घासू नका. हा मळ नव्हे. हे आतून आलंय.’

मग त्यांनी वजन केले, उंची मोजली, कमरेला टेप लावली आणि आम्हाला समजेल अशा भाषेत सांगितले. वजन वाढत जाते तसे शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासे होते. मग ते अधिकाधिक इन्सुलिन तयार करत राहते आणि त्याची खूण पुष्कळदा मानेवर, काखेत अशी उमटते. ‘हा मधुमेह नाही, पण त्या रस्त्यावरची पाटी आहे. अजून मागं फिरता येतं.’

मला स्वतःला मधुमेह आहे. पन्नाशीत, बँकेच्या नोकरीत असताना तो जडला. दहाव्या वर्षी त्याची पाटी दिसू शकते, हे मात्र मला ठाऊक नव्हते.

बाहेर येऊन पैसे द्यायला थांबलो, तेव्हा बाकावर बसलेल्या एका बाईकडे लक्ष गेले. बोलण्यावरून आमच्याच तालुक्याची, डोंगराकडच्या एखाद्या वाडीवरची असावी. मांडीवर तीनेक वर्षांचे पोर होते. हातपाय काटकुळे, केस भुरे, डोळे मोठे मोठे. त्याने रडू नये म्हणून तिने त्याच्या हातात बिस्किटांचा पुडा दिला होता. माझ्या नातवाच्या हातातही पुडा होता. रांगेत कंटाळला म्हणून मीच खालच्या दुकानातून आणून दिलेला. दोन्ही पुडे एकाच रंगाचे, एकाच चवीचे, पाच पाच रुपयांचे.

एका पोराला वजन जास्त म्हणून आणलेले, दुसऱ्याला वजन भरत नाही म्हणून, आणि दोघांच्या हातात एकच वस्तू! परतीच्या वाटेवर मी त्याच विचारात होतो.

खरे तर यात कोडे काही नाही. मैदा, साखर आणि तेल यांनी पोटाला भरल्यासारखे वाटते, पण अंगाला लागणारे फार थोडे मिळते. ज्या घरात पोटभर जेवण आहे तिथे हा पुडा जेवणावर चढतो आणि चरबी होऊन बसतो. ज्या घरात जेवणच तोकडे आहे तिथे तो जेवणाची जागा घेतो. पोराची भूक मारतो आणि आईला वाटते, पोर खाऊन शांत झाले.

सरकारी पाहणीचे आकडेही हेच दुहेरी चित्र दाखवतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दर 100 मुलांपैकी 35 मुलांची उंची वयाच्या मानाने खुरटलेली आढळली. सहा महिने ते पाच वर्षे या वयातल्या 100 पैकी 69 मुलांच्या अंगात रक्त कमी होते. आणि त्याच पाहणीत जादा वजनाच्या मुलांचे प्रमाण चार-पाच वर्षांत 1.9 टक्क्यांवरून 4.1 टक्क्यांवर गेलेले होते. आकडा लहान आहे, पण दुपटीहून अधिक झालेला आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळे किरकोळ. पण मोजमाप केल्यावर दिसले, की त्यांच्यात स्नायू कमी असले तरी चरबी त्या मानाने टिकून आहे. म्हणजे दिसायला बारीक, आतून स्थूल. अशा शरीरावर पुढे साखरेचा आणि मैद्याचा मारा झाला, तर मधुमेह लवकर गाठतो. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्या आयांच्या जेवणात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा होते, त्यांची बाळे चांगल्या वजनाची होती. महागड्या टॉनिकची नव्हे, पालेभाज्यांची ही गोष्ट आहे.

पालेभाज्या म्हटले की मला आमचा चंदगडचा पावसाळा आठवतो. पहिल्या पावसानंतर टाकळा, कुर्डू, भारंगी, बांबूचे कोंब, अळंबी यांनी रान भरून जायचे. ओढ्यातले खेकडे, चुलीच्या निखाऱ्यात भाजलेली रताळी, फणसाच्या आठळ्या, करवंदे, जांभळे. रोजच्या जेवणात भात, कुळथाचे पिठले आणि नाचण्याची भाकरी. सकाळी आंबील. तुम्ही पुण्या-मुंबईकडे जिला नाचणी म्हणता, तो आमच्याकडे नाचणा.

हे वाचून कुणाला वाटेल, की म्हाताऱ्याला आता जुने दिवस सोन्याचे दिसू लागले. तसे मुळीच नाही. श्रावण-भादव्यात कणग्या रिकाम्या व्हायच्या आणि कितीतरी घरांत दोन्ही वेळा पातळ पेजेवर निभावायचे. जंतांनी पोट फुगलेली, पापणीखाली रक्त न दिसणारी मुले माझ्या वर्गात होती. ते दारिद्र्य परत यावे असे कुणीच म्हणणार नाही. पण दारिद्र्य टाकून देताना त्याच्याबरोबर आम्ही ताटातले काय काय टाकून दिले, हे एकदा बघायला हवे.

त्या दिवसांत खाऊ मुंबईहून यायचा. माझे चुलते लालबागला राहून गिरणीत कामाला होते, जेवायला खानावळीत. चंदगड, आजरा, गडहिंग्लज भागातल्या कितीतरी घरांतला एक तरी गडी असाच मुंबईला असे. वर्षातून एकदा ते लोखंडी ट्रंक घेऊन येत. ट्रंकेत खारी, गोड बिस्किटे आणि लिमलेटच्या गोळ्या. माझी आजी ते सगळे एका पत्र्याच्या डब्यात भरून फडताळात वर ठेवी आणि रोज संध्याकाळी प्रत्येकाला एकेक देई. आठ-दहा दिवसांत डबा रिकामा. मग पुढच्या वर्षापर्यंत त्यात जिरे-मोहरी. त्या बिस्किटाची चव अजून जिभेवर आहे, आणि त्या बिस्किटाने आमचे काही वाईट केले नाही. वर्षातून आठ दिवस येणारा पाहुणा तो. आज तोच डबा बाराही महिने भरलेला असतो आणि पोराच्या हाताला लागेल अशा जागी असतो. खाऊ बदलला त्याहून जास्त त्याचे येणे-जाणे बदलले.

आणि नाचण्याचे काय झाले? आधी त्याची आम्हाला लाज वाटू लागली. हायस्कुलात माझ्या फडक्यात काळी भाकरी असायची आणि नोकरदारांच्या मुलांच्या डब्यात गव्हाची पांढरी पोळी. मी शाळेच्या मागे, गडग्याआड बसून जेवत असे. बँकेत लागल्यावर पहिला पगार आईच्या हातावर ठेवला तेव्हा मोठ्या ऐटीत म्हणालो, ‘आई, आता या घरात नाचणा नको.’ ती काही बोलली नाही. पण त्यानंतर पाहुण्यांदेखत तिने कधी काळी भाकरी थापली नाही. स्वतःपुरती मात्र ती शेवटपर्यंत थापत राहिली.

पुढे शेतातूनही तो गेला. त्यात माझाही हात आहे. नव्वदच्या दशकात मी याच भागातल्या एका शाखेत कर्जाची कामे बघत होतो. उसाला एकरी जेवढे कर्ज मिळे, त्याच्या जवळपासही नाचण्याला मिळत नसे. उसाची वसुली कारखान्याच्या बिलातून परस्पर होई. नाचण्याची वसुली कुठून करणार? तो तर घरातच खाल्ला जायचा. त्यामुळे उसाचा अर्ज आला की माझे पेन लवकर चालायचे. पाण्याखालच्या शेतांत ऊस आला, वरच्या माळावर नाचण्याच्या जागी काजू आला. त्यात चूक होती असे मी म्हणत नाही. त्या पैशांवर मुले शिकली, कौलारू घरांवर स्लॅब पडले. पण कर्जाच्या कागदावर एक रकाना कधीच नव्हता : या शेतातून घरातल्या पोरांच्या ताटात काय जाणार?

100 ग्रॅम नाचण्यात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात ते दहाच्या आगेमागे. हाडे वाढण्याच्या वयात हा फरक थोडाथोडका नाही. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले आणि ज्याला मी गडग्याआड लपवत होतो तो नाचणा शहरातल्या मोठ्या दुकानांत चकचकीत पाकिटांतून दाखल झाला. आता लाज वाटत नाही, पण फसगत होऊ शकते. पाकिटावर मोठ्या अक्षरांत नाचणी लिहिलेले असते. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटकांची यादी असते. जो घटक वजनाने सर्वांत जास्त तो तिथे पहिला लिहावा लागतो. मैदा आणि साखर आधी आणि नाचणी शेवटी असेल, तर ते नाचणीचे बिस्किट नव्हे. चष्मा लावून एवढी यादी वाचायची सवय प्रत्येक आजोबांनी करून घ्यावी.

हे सारे आपल्याकडेच घडते असे नाही. मेक्सिकोतून अमेरिकेत पोटासाठी गेलेल्या कुटुंबांची कहाणी वाचताना मला आमच्याच वाड्या आठवत होत्या. त्यांची पिढीजात भाकरी मक्याची. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळायचा. त्या चुन्यातून कॅल्शियम मिळते. जोडीला घेवड्याची उसळ. तिकडे स्थायिक झाल्यावर पुढच्या पिढीच्या ताटातली उसळ कमी झाली, गोड शीतपेये वाढली आणि मुलांची वजनेही. तिथल्या आरोग्य कार्यकर्त्यांना एक अडचण पुन्हा पुन्हा आली. आज्यांना गुबगुबीत मूलच निरोगी वाटे. आपल्याकडे ‘गुटगुटीत बालक’ स्पर्धा भरत, बाळाच्या गालांना बक्षीस मिळे. ती समजूत तरी वेगळी कुठे होती? एकट्या मुलाला उपदेश करून भागत नाही, आई-बाप, आजी-आजोबा सगळ्यांना एकत्र बसवावे लागते, हे त्या कार्यकर्त्यांना उमगले.

मेक्सिकोने घराबाहेरही काही केले. 2014 मध्ये गोड शीतपेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसवला, 2020 पासून जास्त साखरेच्या आणि मिठाच्या पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के आणले आणि मार्च 2025 मध्ये असे पदार्थ शाळांतून हद्दपार केले. आपल्याकडेही महाराष्ट्र सरकारने 2017 मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत असे पदार्थ विकायला बंदी केली. 2020 च्या केंद्रीय नियमानुसार शाळेपासून 50 मीटरच्या आतही ते विकता येत नाहीत. नियम चांगला आहे. पण तुमच्या गावातल्या शाळेच्या फाटकाबाहेर एकदा उभे राहा आणि पावले मोजा.

आता आमच्या घराची गोष्ट. दवाखान्यातून आल्यावर मी नातवाला समोर बसवून अर्धा तास भाषण दिले. कॅल्शियम, इन्सुलिन, सगळे. रात्री आजीने नाचण्याची भाकरी केली. त्याने दोन घास खाल्ले आणि उरलेली भाकरी मागच्या दारी गोठ्यातल्या वासराला घातली. वासरू खूष झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहात बिस्किट बुडवत होतो, तर तो समोर उभा राहिला. ‘आजोबा, तुम्हाला तर शुगर आहे. मग तुम्ही का खाता?’

मी बँकेत छत्तीस वर्षे लेखापरीक्षकांना उत्तरे दिली. या प्रश्नाला उत्तर नव्हते.

त्या दिवशी डबा रिकामा केला. नातवासाठी नव्हे, घरासाठी. मी, आजी, नातू, तिघांना एकच नियम. डब्यात भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, चुरमुरे आणि थोडे काजू भरले. पूर्ण बंदी केली नाही. बंदी केलेल्या वस्तूची गोडी वाढते, हे काय सांगायला हवे? रविवारी त्याच्या आवडीचे एक काहीतरी, तेही सगळ्यांनी मिळून. शीतपेयाची बाटली मात्र घरात आणायची नाही असे ठरले. 250 मिलिलिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅमहून अधिक, म्हणजे पाच-सहा चमचे साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसानेही दिवसभरात वरची साखर शक्यतो एवढ्यावरच थांबवावी. आमच्याकडे त्या जागी कोकमाचे सरबत आले. त्यात साखर किती, ते नातू स्वतः चमच्याने मोजून घालायचा.

भाकरीची सक्ती मी सोडली. डॉक्टरांनी सांगितले होते, की नवा पदार्थ मुलाने आपलासा करायला तो आठ-दहा वेळा समोर यावा लागतो. वाढा, स्वतः चवीने खा आणि त्याच्याकडे बघूही नका. तसेच केले. दूरदर्शन संच बंद, मोबाइल फडताळात, चौघांची पंगत. चौथी आमची शेजारीण, वय वर्षे ऐंशी. ती भाकरीबरोबर भाजलेला बांगडा अशा काही रंगात येऊन खायची, की सहाव्या-सातव्या दिवशी पोराचा हात आपण होऊन तिच्या ताटाकडे गेला. जूनच्या पहिल्या पावसात तो गल्लीतल्या पोरांबरोबर खेकडे धरायला ओढ्यावर गेला. स्वतः धरलेल्या खेकड्याचा रस्सा त्याने भाकरीशी ओरपला. पळापळही तेवढीच झाली.

सुट्टी संपताना सून त्याला न्यायला आली. मी मोठ्या उत्साहाने तिला सगळा कार्यक्रम ऐकवला आणि नाचण्याच्या पिठाचा डबा पुढे केला. ती शांतपणे म्हणाली, ‘बाबा, तुमचं सगळं बरोबर आहे. पण आम्ही दोघंही रात्री आठला घरी पोचतो. ही भाकरी थापायची कुणी? मीच ना?’

ती चुकीचे बोलली नाही. मुलांच्या आहारावर आजवर जेवढे लेख वाचले, त्यांत शेवटी सगळा भार आईवर टाकून लेखक मोकळा होतो. मी माझ्या मुलाला फोन केला. चाळीस वर्षांचा इंजिनिअर, त्याला चहाशिवाय काही येत नाही, कारण आम्ही शिकवलेच नाही. मलाही येत नव्हते. मग आधी मी शिकलो. पाण्याला आधण आणून, मीठ घालून, पिठाची उकड काढायची, गरम असतानाच मळायची. माझी पहिली भाकरी नकाशासारखी झाली. दुसरी तव्यावर तुटली. आजी पदर तोंडाला लावून हसत होती. पण ज्याला भाकरी जमत नाही त्याला आंबील जमते : रात्री पीठ पाण्यात कालवून ठेवायचे, सकाळी शिजवायचे, निवल्यावर ताक, जिरे, लसूण. घावन तर त्याहून सोपे. मुलाने आठवड्यातल्या तीन सकाळी आपल्याकडे घेतल्या आहेत. कधी जमते, कधी राहून जाते.

दिवाळीत नातू पुन्हा आला. उंची बोटभर वाढली होती, वजन जवळपास तेवढेच. वाढत्या वयात वजन थांबले हीच चांगली खूण, असे डॉक्टर म्हणाले. मानेवरचा पट्टा अजून आहे. किंचित फिका वाटतो, की आमच्या डोळ्यांना तसे वाटावेसे वाटते, सांगता येत नाही. आजीने मात्र या वेळी तो घासला नाही.

ते बाकावरचे काटकुळे पोर पुन्हा दिसले नाही. त्याच्या आईला त्या दिवशी मी काही बोललो नाही, आणि बोलणार तरी काय होतो? माझ्याच नातवाच्या हातात पुडा होता. पण आता कुणाकडे लहान मूल असले, की मी दुकानाशी थांबत नाही. आमच्या भागातली रताळी पोत्यांनी बेळगावच्या बाजारात जातात. त्यातलीच चार विकत घेतो, केळ्यांचा एखादा फणा घेतो, नाहीतर चार अंडी घेऊन जातो. सुरुवातीला लोक चमकून बघत. बँकेतला साहेब आणि पोराला खाऊ म्हणून रताळी! परवा एका घरी गेलो, तर तिथली चार वर्षांची पोर माझी पिशवी बघून धावत आली आणि आत डोकावून म्हणाली, ‘आज्जा, भाजलेलं हाय काय कच्चं?’